लाईनीवरच्या पुलाची दुसरी प्लेट

माझ्या सख्ख्या मोठ्या भावानं मला फसवलं. एकदा नाही, दोनदा. आधी त्यानं माझी एक प्लेट सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन टाकली. मग तिच्याबद्दल माझ्या तोंडावर खोटं बोलला. त्या खोट्यावर विश्वास ठेवून मी त्याच्या पाया पडलो होतो. प्लेट गेल्याचं दुःख एका बाजूला आणि पाया पडल्याचा राग दुसऱ्या बाजूला. दोन्ही मी इतकी वर्षं सांभाळली आहेत, आणि त्यातलं काहीही मला कुणाच्या सांगण्यावरून सोडायचं नाही.

प्लेट म्हणजे काचेची निगेटिव्ह. तेव्हा बालाघाटात मोठा फोटो काढायचा तर काचेवरच काढत. मी फोटोग्राफर. कुणी शिकवलं म्हणून झालो नाही. आमचे वडील तिरोडीच्या मँगनीज खाणीत दगड फोडत, आणि मिसरूड फुटेपर्यंत मीही तेच केलं. एकदा खाणीच्या साहेबांचे फोटो काढायला एक फोटोवाला आला. त्याची तिपाई उचलायला मुकादमानं मला लावलं. संध्याकाळी तो निघाला तेव्हा तिपाई माझ्या खांद्यावरच होती, आणि मी ती खाली ठेवलीच नाही. पुढं गोंदियाचा एक स्टुडिओ बंद पडत होता. त्याच्या मालकाशी मी कॅमेऱ्यासाठी इतकी घासाघीस केली की शेवटी तो म्हणाला, "घेऊन जा बाप्पा, पण माझ्या ओट्यावरून ऊठ." तो कॅमेरा घेऊन मी बालाघाटला स्टेशनाजवळ दुकान टाकलं. कॅमेऱ्याबरोबर प्लेट धरायचा लाकडी होल्डर आला होता. त्याच्या एका कोपऱ्याला पोचा होता, आणि प्रत्येक प्लेटच्या कडेला तो दातानं चावल्यासारखी एक खूण सोडायचा. मी मालकाला ती खूण दाखवून आणखी भाव पाडला होता.

दुकान चालायला लागलं तेव्हा मी भावाला गावाहून बोलावून घेतलं. तो दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत राबत होता. लाकडात त्याचा हात चांगला चालायचा. मी त्याला बाक दिला, रंधा दिला, अर्ध्या दुकानाची जागा दिली. मी फोटो काढायचे, त्यानं चौकटी करायच्या.

छप्पनच्या दीक्षेनंतर त्याचं काम माझ्यापेक्षा वाढलं. आम्हीही दीक्षा घेतली होती. आमच्या मोहल्ल्यात, आसपासच्या गावांत, घराघरातले जुने देव खाली उतरले होते आणि भिंतीवरच्या त्या मोकळ्या चौकोनात प्रत्येकाला बुद्धाची तसबीर लावायची होती. कागदावर छापलेली तसबीर मिळायची, लाकूड मिळायचं, काच मिळत नव्हती. नागपूरहून पेटी यायची, गोंदियाला छोट्या लाईनीच्या गाडीत चढायची आणि आमच्याकडे उतरेपर्यंत अर्धी फुटलेली असायची. मग जे सगळे फोटोवाले करत तेच आम्ही करत होतो. ज्यांनी फोटो काढून घेतला आणि परत तोंड दाखवलं नाही, ज्यांची सोयरीक मोडली, अशांच्या जुन्या प्लेटा काढायच्या, गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवायच्या, वरचा मसाला फुगला की पात्यानं खरवडायचा. खाली स्वच्छ काच. मोठी प्लेट तसबिरीच्या मापाला बरोबर बसायची. यात वाईट काही नव्हतं. मीही कितीतरी चेहरे असे खरवडले आहेत. पण कोणती प्लेट धुवायची आणि कोणती नाही, हे मी ठरवायचो.

माझं लग्न त्याच सुमारास झालं. बायको खैरलांजीकडच्या एका गावची. आमचं घर लाईनीच्या पलीकडे आणि दुकान बाजाराच्या बाजूला. मधे रुळांवरचा लोखंडी पूल. दुपारी ती आम्हा दोघा भावांचा डबा घेऊन पूल चढून यायची. मग बाजारातलं काही घ्यायचं असेल ते घेऊन, ओळखीच्या बाईकडे जरा टेकून, दिवस कलला की रिकामा डबा उचलून परत जायची. दुकानात ती कधी आत आली नाही. भावाचा बाक दाराशीच होता, आणि तो तिचा भासरा. आमच्यात सून भासऱ्याला तोंड दाखवत नाही. उंबऱ्याबाहेरून पदर हनुवटीपर्यंत ओढून डबा आत सरकवायची, बांगड्यांचा आवाज करायची, की मी उठायचो. भाऊही मान खाली घालून रंधा मारत राहायचा. या बाबतीत त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. लग्न झाल्यापासून त्यानं तिचा चेहरा पाहिला नव्हता.

आणि मी फोटोग्राफर असून माझ्याकडे तिचा फोटो नव्हता. स्टुडिओत बसवायची तर भावासमोरून आत न्यावी लागे, आणि ती त्याला तयार नव्हती. वर एकेका प्लेटमागे गिऱ्हाईक उभं असायचं. पुढं पाहू, असं आम्ही म्हणायचो. पुढं भरपूर वेळ होता.

त्या वर्षी दिवाळीनंतर पुलाची डागडुजी झाली. ठेकेदारानं नव्या फळ्या टाकल्या, कठड्याला चांदीसारखा रंग मारला, आणि वरच्या साहेबांना दाखवायला त्याला पुलाचा फोटो हवा होता. संध्याकाळी हवा होता, कारण तेव्हा मावळतीचं ऊन सरळ पुलावर पडून रंग चमकायचा. तो हिंदीत बोलायचा, मी त्याच्याशी त्याच्याच भाषेत भांडलो. मी म्हणालो, संध्याकाळचा उजेड भरवशाचा नसतो, एक प्लेट बिघडली तर दुसरी लागेल, दोन प्लेटांचं बोला.

"और पहली ठीक आ गई तो?"

"तो दूसरी मेरी."

"अरे, तेरी काहे की? तू पुल का क्या करेगा?"

"पुल नहीं, काच मेरी."

त्याला वाटलं मला चौकटीसाठी काच हवी. हसून कबूल झाला. वर त्याची प्लेट त्यालाच द्यायची असंही त्यानं माझ्याकडून वदवून घेतलं. मी दिलीही. त्या पुलाची पहिली प्लेट त्याच्याकडे गेली आणि दुसरी माझी झाली. हे इथं मुद्दाम सांगतो, पुढं लागणार आहे.

मालधक्क्याच्या टोकाला आम्ही तिपाई मांडली. मी आणि भाऊ. तिपाईचा एक पाय खडीत रुतत होता म्हणून तो खाली बसून पाय धरून होता. ऊन पुलावर पडलेलं असतानाच ठेकेदाराची प्लेट काढून झाली. ती चांगली आली हे मला तिथंच कळलं होतं. मी होल्डर उलटा करून दुसरी बाजू लावली आणि थांबलो.

भाऊ म्हणाला, "आता काहून थांबला?"

"थांब जरा."

"उजेड जाऊन राह्यला ना बे."

"जाऊ दे थोडा."

मला ठाऊक होतं ती केव्हा येते. ऊन पुलावरून उतरलं, पण आमच्या पाठीमागं पश्चिमेला आकाश अजून तांबूस होतं आणि त्याचा मऊ उजेड पुलावर होता. ती पायऱ्या चढून वर आली. एका हातात डबा, दुसऱ्या हातानं कठडा धरलेला. तिला दिवस गेले होते आणि पायऱ्या चढताना दम लागायला लागला होता. पुलाच्या मधोमध आली तशी मी हात वर करून ओरडलो, "तिथंच उभी राय."

ती थांबली. आधी माझ्याकडं पाहिलं, मग तिपाईशी बसलेला भासरा दिसला, आणि पदर ओढून तिनं तोंड पलीकडं फिरवलं. तिची पाठ आमच्याकडे.

भाऊ मान न वर करता म्हणाला, "माह्यापायी तोंड फिरवलं तिनं. मी जातो बाजूले."

"पाय सोडू नोको. तिपाई हलंल."

त्यानं पाय धरला आणि डोळे खडीवर ठेवले. मी लेन्सची टोपी काढली. त्या उजेडात टोपी काढून बराच वेळ ठेवावी लागायची. मी मनात आकडे म्हणायला लागलो. तेवढ्यात गोंदियाकडे जाणारी गाडी सुटली. इंजिन पुलाखालून गेलं आणि सगळा धूर वर आला. कठडा गेला, ती गेली, काही दिसेना. मी टोपी तशीच धरून उभा. धूर विरत आला तेव्हा मला वाटलं ती जरा वळली आहे. पदर खांद्यावर आल्यासारखा वाटला. पण अंधारून आलं होतं, अंतर बरंच होतं आणि डोळ्यांत कोळशाची कणी गेली होती. मी टोपी लावली. डोळे चोळून पाहतो तो ती पलीकडच्या पायऱ्या उतरत होती.

घरी गेल्यावर मी विचारलं, "हलली होती का तू?"

चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "मले काय माईत. फोटोवाले तुमी."

"धूर आला तवा वळून पाह्यलं का मांगं?"

"भासरे होते ना तिथं."

"ते खाली पाह्यत होते."

"मंग फोटोत पाहा ना, मले काहून विचारता?" असं म्हणून हसली. मग एकदम तिला आठवण झाली आणि चेहरा बदलला. पोटुशी बाईचा फोटो काढू नये, काढलाच तर पाहू नये, लेकराला नजर लागते, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. दीक्षा घेतल्यावर हे असलं काही मानायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, आणि ती मानतही नव्हती, पण पोटात लेकरू असलं की बाई नुसत्या विचारावर चालत नाही. ती म्हणाली, "अजी, एक ऐकसान का? लेकरू झाल्यावर पाह्यजा. पहिले नोका पाहू."

"औषधात धुवायची त लागंल, तवाच फोटो उमटते. पंधरा दिवस तशीच ठेवली त खराब होईल."

"धुवा. पाहू नोका."

"न पाह्यता कशी धुवू?"

"तुमाले सगळं येते म्हणता ना."

आम्ही दोघंही घासाघीस करण्यात कमी नव्हतो. मी म्हणालो, ठीक आहे, पण मग वळली की नाही तेवढं आता सांग. ती म्हणाली, मग पाहण्यात राहिलं काय. शेवटी तिचंच चाललं. लेकरू झालं की दोघांनी मिळून पाहायचं, असं ठरलं.

माझ्याबद्दल गावात लोक काहीही म्हणोत. भांडखोर म्हणतात, चिकट म्हणतात. पण सौदा ठरला की मी तो मोडत नाही. दुसऱ्या रात्री मी लाल दिवाही न लावता, संपूर्ण अंधारात, अंदाजानं ती प्लेट धुतली. भिंतीकडं तोंड करून वाळवली. डोळे बाजूला करून काळ्या कागदात गुंडाळली, वरून निळा कागद लावला आणि पत्र्याच्या डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवली. नुसती हातात धरून खिडकीकडं केली असती तर कळलं असतं. मी केली नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून माघात ती आईकडे गेली. निरोप आला तेव्हा मी दुकानात होतो. मिळेल त्या गाडीनं, उरलेलं सायकलनं आणि मग पायी गेलो. पोचलो तेव्हा माती होऊन गेली होती. तिची आणि लेकराची, एकाच खड्ड्यात. सासूनं सांगितलं, सकाळपर्यंत बोलत होती. माणसं थांबायला तयार होती पण ऊन चढत होतं. मी त्या मातीशी उभा राहिलो. तिचा चेहरा मला शेवटचा कधी दिसला हे मी आठवायला लागलो, तर आठवली ती बसच्या खिडकीतली बाजू, आणि तीही अर्धी, कारण मधे एका माणसाची गाठोडी होती.

परत आल्यावर तो डबा फळीवर होता. लेकरू झाल्यावर पाहायचं असं ठरलं होतं. लेकरू जगलंच नाही तर काय, हे आमच्यात ठरलं नव्हतं. ज्याच्याशी सौदा केला तेच माणूस नसेल तर विचारायचं कुणाला. मी डबा खाली काढायचो, मांडीवर ठेवायचो, परत ठेवायचो. दुकानात मला बसवेना. त्या वेळी उकव्याच्या खाणीवर मजुरांच्या ओळखपत्रांसाठी फोटो काढायचं काम निघालं, मग तिरोडीला तसंच. मी दोन्ही घेतली. जायच्या दिवशी भावाला जवळ बोलावून डबा दाखवला.

"दादा, ह्याच्यात पुलावरची प्लेट हाय. माईत हाय ना तुले?"

"हौ."

"दुसरा फोटो नाई तिचा. मी अजून पाह्यला नाई. कितीबी काच कमी पडली तरी ह्याले हात लावायचा नाई."

"तू जाय बिनघोर. हात नाई लावत मी."

"माह्या गळ्याची शपथ घे."

"घेतली," तो म्हणाला, आणि माझ्या गळ्याला हात लावला. त्याचा सरसाचा हात होता, चिकट.

उकव्याला जंगलात, खाणीच्या चाळीपुढं पांढरी चादर टांगून मी रोज माणसं बसवत होतो. एकामागून एक चेहरा. सरळ पाहा, हनुवटी वर, हलू नका. बायकाही असायच्या, मजूर बायका. फोटो म्हटलं की पदर सावरत आणि मग मी सांगायचो, तोंड उघडं ठेवा, नाहीतर कार्ड होणार नाही. सगळ्यांनी तोंडं उघडी ठेवली. संध्याकाळी मी ती सगळी तोंडं धुवायचो आणि माझ्या मनात एकच चालायचं. धुरानंतर ती वळली होती की नव्हती. वळली असेल तर ती भासरा समोर असताना, पदर सोडून, फक्त मी तिथं होतो म्हणून वळली. तेवढं जरी कळलं तरी मला पुष्कळ होतं. पावसाळ्यात काम थांबलं तेव्हा मी ठरवलं की आता पाहायचं. तिनं नाही म्हटलं नसतं.

श्रावणात मी बालाघाटला परतलो आणि पिशवी खाली न ठेवता फळीवर हात घातला. डबा होता. डब्यात प्लेट नव्हती.

भाऊ रंधा थांबवून उभा राहिला. मी काही विचारायच्या आधीच बोलायला लागला. "तुले कसं सांगू तेच समजत नव्हतं. पावसाची ओल धरली बाप्पा. बुरशी आली सगळी. वरचा मसाला सुटून गेला. मी वाळवायला उचलली त तडकली हातात. मंग म्हटलं, कचऱ्यात कशी टाकू. वैनगंगेत सोडून आलो. हात जोडले."

ओलीनं प्लेटा खराब होतात, हे खरं होतं. माझ्या स्वतःच्या झाल्या होत्या. मी खाली बसलो. मग मला वाटलं, या माणसानं तिला कचऱ्यात नाही टाकलं, नदीत सोडलं, हात जोडले, ज्या वेळी मी नव्हतो त्या वेळी हा होता. मी उठलो आणि त्याच्या पाया पडलो. त्यानं मला उठवलं. "असं नोको करू," म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. तो कशानं भरून आला होता ते मला आता कळतं.

त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. मी दुसरं लग्न केलं नाही. फिल्म आली, प्लेटा गेल्या, दुकान पक्कं झालं. भावाची मुलं मोठी झाली. त्यांच्या शाळेचं, पुस्तकांचं, पोरीच्या लग्नाचं, सगळं आमच्या एकाच दुकानातून झालं आणि मी कधी हात आखडला नाही. पुलावरून जाताना मी मधोमध थांबत नसे.

सत्तर साल उलटून गेल्यावरची गोष्ट. भाऊ मुलीला आणायला तिच्या सासरी गेला होता. मोहल्ल्यातली एक म्हातारी, जिला सगळे आजी म्हणतात, पदराखाली एक तसबीर घेऊन आली. चौकटीला उधई लागली होती.

"तुहा भाऊ कोठी हाय? त्यानंच करून देल्ली होती ही."

"नाई तो. ठेव, मी बदलून देतो लाकूड."

ती ओट्यावर बसली. मी चौकट उलटी करून खिळे काढले. बुद्धाची तसबीर बाजूला केली, काच उचलली. लाकडाखाली दबलेल्या कडेला काच स्वच्छ नव्हती. बोटभर रुंदीची काळसर पट्टी राहिली होती. घाईत धुताना, जी कड चौकटीखाली जाणार ती कोण खरवडत बसतो. मी ती काच उजेडाकडं केली. पट्टीत तिरप्या कांबींची जाळी होती. पुलाच्या कठड्याची. आणि कोपऱ्यात माझ्या होल्डरची, दातानं चावल्यासारखी खूण.

बाकी सगळी काच स्वच्छ होती. तिच्यातून मला समोरचा रस्ता दिसत होता, रस्त्यावरची सायकल दिसत होती, आजी दिसत होती.

मी म्हणालो, "आजी, ही काच मले दे. तुले नवी लावून देतो. मोठी, जाड."

"काहून? फुटली का?"

"नाई फुटली."

"मंग नवी काहून देतं? तू त फुकट पाणी पाजत नाई कोणाले."

"देऊन राह्यलो ना. घे."

"जुनी घेऊन नवी देतं म्हंजे जुनी भारी असंल. मी नाई देत."

मी आयुष्यभर घासाघीस केली, त्या दिवशी केली नाही. मी तिला कड दाखवली. सांगितलं. तिनं कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मी रोज पुसत होती रे ती काच. रोज सकाळी, पदरानं."

आणि मग तिनं जे सांगितलं ते असं. वैशाखी पौर्णिमेला तिच्या घरी वंदनेला माणसं येणार होती आणि तसबिरीला काच नव्हती. गावभर काच नव्हती. ती सकाळपासून आमच्या दुकानात येऊन बसली, उठेना. "तुहा भाऊ नाई नाई म्हणे. मंग म्हटलं, बुद्धाले असाच उघडा ठेवू का, धुळीत? तवा उठला. वरून डब्बा काढला. काच काढून उन्हात धरली. लय वेळ पाह्यत होता. मी म्हटलं, काय पाह्यतं रे एवढं? त म्हणे काई नाई. परत पाह्यलं. मंग पाण्यात टाकली."

वैशाखात. बालाघाटच्या वैशाखात दोरीवरचं लुगडं पिळेपर्यंत वाळतं. ओल कुठली आणि बुरशी कुठली. वैनगंगेत तेव्हा गुडघाभर पाणी नसतं.

आजीनं नवी काच घेतली नाही. म्हणाली, चौकट कर, काच राहू दे तुझ्यापाशी, तसबीर अशीच लावते. मी तिच्यासाठी सागाची चौकट केली आणि तिला न विचारता काच बसवली. जुनी माझ्याकडे आहे.

भाऊ परतला तेव्हा मी ती काच त्याच्या बाकावर, रंध्याच्या बाजूला ठेवली. त्यानं पाहिली आणि ओळखली. टोपी काढून बाजूला ठेवली.

"सांग," मी म्हणालो.

"काय सांगू? आजी उठत नव्हती. बुद्धाच्या कामी आली काच. वाईट काय झालं?"

"शपथ घेतली होती तू."

"घेतली होती. तुही हालत पाह्यली होती मी. रात्री डब्बा मांडीवर घेऊन बसत होता. मले वाटे, ही एकदा पाह्यली त हा पागल होईल. म्हटलं, नसलेलीच बरी."

"नदीत सोडली म्हणाला."

त्यानं बाकावरचा भुसा हातानं झाडला.

"पाया पडलो होतो मी तुह्या."

"मीनं म्हटलं होतं, असं नोको करू."

"उन्हात धरून काय पाह्यत होता?"

त्यानं रंधा उचलला. मी त्याच्या हातातून ओढून रस्त्यावर फेकला. त्याची मुलं धावत आली, शेजारचा चहावाला आला. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. तो मान खाली घालून खडीकडं पाहिल्यासारखा जमिनीकडं पाहत राहिला, जसा त्या संध्याकाळी तिपाईचा पाय धरून पाहत होता. तेव्हा त्यानं मान वर केली नव्हती, तिची अब्रू राखली होती. आणि मग एका भर दुपारी, मी नसताना, तिला उन्हात धरून मनसोक्त पाहिलं आणि पुसून टाकलं.

त्या दिवसापासून दुकानात मधे भिंत आहे. ती मी घातली. मोहल्ल्यातली वडीलधारी माणसं येतात, बसतात, समजावतात. म्हातारा झाला तो, म्हणतात. एका काचेपायी सख्खा भाऊ तोडतोस, म्हणतात. कुणी म्हणतं, प्लेट नाही आली परत तर राग ठेवून काय मिळणार. मला प्लेट मिळणार नाही हे मला त्यांच्याआधी कळलं आहे. मी प्लेट मागत नाही. माफीही मागत नाही. मी फक्त जे माझं होतं आणि त्यानं घेतलं, तेवढंच मागतो, आणि ते अजून त्याच्याकडे आहे. ते धुता येत नाही.

दादा, तुला वाचता येतं. नसेल वाचवत तर तुझा मुलगा वाचून दाखवील. ज्या बाईनं जन्मात तुला तोंड दाखवलं नाही, तिला त्या काचेवर तू पाहिलंस. मी तिचा नवरा, मी पाहिलं नाही, कारण मी दिलेला शब्द पाळला. आता तिच्याबद्दल या जगात जे मला ठाऊक नाही आणि तुला ठाऊक आहे, असं एकच आहे. भिंतीला कान लावला की मला तुझा रंधा ऐकू येतो, तसं तुलाही माझं ऐकू येत असेल. रंधा थांबव आणि उत्तर दे. धूर गेल्यावर ती वळली होती का?